८३ मिनिटांचं एक गाणं, आणि 'अडकलंय का ते?' हा प्रश्न

खर्जवेडा
शुक्रवार, रात्री ११:४०

गेले तीन आठवडे रोज रात्री एकच अल्बम लावतोय. बेल विचचा 'मिरर रीपर', २०१७ सालचा. अल्बम म्हणजे गाणं एकच, ८३ मिनिटांचं.

परवा एका मित्राला हे ऐकवायचा घाट घातला. दिवे घालवले, आवाज वाढवला, सगळं साग्रसंगीत. पहिला स्वर लागला, घुमला, विरत गेला. मित्राने माझ्याकडे पाहिलं. मी हातानेच 'थांब' म्हटलं. दुसरा स्वर लागला. मित्र म्हणाला, "अडकलंय का ते?"

तेव्हा हसलो, पण प्रश्न डोक्यात घर करून बसला. कारण यात आवडण्यासारखं काय आहे, हे मला त्याला धड सांगता येईना. 'वातावरणनिर्मिती छान आहे' असलं काहीतरी पुटपुटलो. ते तर पावसाच्या आवाजाच्या रेकॉर्डिंगलाही लागू पडतं. म्हणून इथे लिहून बघतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बेल विच हा सिअ‍ॅटलचा दोघांचा बँड, डूम मेटल वाजवणारा (हेवी मेटलमधला अतिसंथ, जड प्रकार). डिलन डेझमंड सहा तारांचा बास वाजवतो आणि गातो, जेसी श्राइबमन ड्रम्स, ऑर्गन आणि गाणं सांभाळतो. गिटार नाहीच. डेझमंड दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वरचा सूर काढतो, खालच्या तारा मागे घोंघावत राहतात. दोनच माणसं वाजवतायत, हे सांगूनही पटत नाही. या अल्बमचं काम चालू असताना, २०१६ मध्ये, त्यांचा आधीचा ड्रमर एड्रियन गेरा वारला. आधीच्या अल्बमच्या वेळी रेकॉर्ड करून न वापरलेला त्याचा आवाज या गाण्यात एके ठिकाणी घेतलाय. मला हे कळलं तेव्हा चार-पाच वेळा ऐकून झालं होतं, त्यामुळे 'कहाणी ऐकून भारावला' असं कुणी म्हणू नका.

मला जाणवतं ते असं. एरवी माझं लक्ष स्वर कसा लागतो तिकडे असतं. इथे तो कसा विझतो तिकडे जातं. झांजेवर एक घाव पडतो. आधी पत्र्याचा आवाज, मग वाळू ओतल्यासारखा, मग नुसती हवा. त्या हवेखाली बासची तार अजून गुरगुरत असते. ती कधी गप्प झाली हे पकडायला जावं, तर तेवढ्यात पुढचा घाव. तीन आठवडे झाले, तो शेवट काही हाती लागलेला नाही.

तुम्हाला यात काय सापडतं? की रोज ऐकून सवय झालीय आणि तिलाच मी आवड म्हणतोय?


उतावीळ
शुक्रवार, रात्री ११:५२

८३ मिनिटं!! स्लेअरचा 'रेन इन ब्लड' २९ मिनिटांत आटोपतो. तुमच्या एका गाण्यात माझा अख्खा अल्बम जवळजवळ तीनदा होतो. मित्राचा प्रश्न रास्त आहे. (हलके घ्या.)


झांजपथक
शुक्रवार, रात्री ११:५८

'अडकलंय का ते' :)) आमच्याकडे 'पंखा आवाज करतोय का' असं विचारतात.


जुनं खोड
शनिवार, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली. थोडा इतिहास लिहितो, कारण हा सगळा प्रकार एका अपघातातून निघाला म्हटलं तर फार चुकणार नाही.

बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीचा शेवटचा दिवस. यंत्रात हात सापडला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. गडी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, तारा पातळ घेतल्या आणि पुढे त्या सैलही केल्या. त्याच्या ब्लॅक सॅबाथ या बँडच्या तिसऱ्या अल्बमवर, १९७१ मध्ये, बऱ्याच गाण्यांत गिटार दीड स्वर खाली उतरवलेली आहे. सैल तारेने बोटांचा त्रास कमी झाला आणि आवाजात वजन आलं. पुढच्या पन्नास वर्षांत हजारो धडधाकट बोटांच्या पोरांनी त्याचीच नक्कल केली.

त्याआधीचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० चा, वार शुक्रवार. सुरुवातीला पाऊस, दूर घंटा, गडगडाट, आणि मग तीन स्वर: सा, वरचा सा, तीव्र मध्यम. बस. तो तीव्र मध्यम तिथेच थरथरत राहतो. डूमची सगळी खानेसुमारी त्या तीन स्वरांपासून करावी लागते.

पुढचं भराभर सांगतो. १९८६ मध्ये स्वीडनचा कँडलमास आला (माझ्या मते त्यात दुःख कमी, नाटक जास्त, पण नाटक अव्वल). नव्वदीच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडातून पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अ‍ॅनाथिमा. मग फिनलंडच्या मंडळींनी वेग आणखी उतरवला: थर्गोथॉन १९९४, स्केप्टिसिझम १९९५. यालाच फ्युनरल डूम म्हणतात. धागाकर्त्याचा बेल विच याच वंशातला.


उतावीळ
शनिवार, सकाळी ९:३०

खोडसाहेब, माहिती झकास. पण सॅबाथच्या त्या गाण्याला शेवटी वेग येतो! तोपर्यंतचं सगळं त्या वेगासाठी असतं. तुमच्या या फिनलंडवाल्यांनी शेवटची पायरीच काढून टाकली.


रात्रप्रहर
शनिवार, सकाळी ११:०५

मेटलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचून तो अल्बम तुनळीवर (यूट्यूबवर) वीसेक मिनिटं ऐकला. मला तर ओळखीचं वाटलं. उस्ताद अमीर खाँ अतिविलंबित झूमऱ्यात गायचे. चौदा मात्रांचं एक आवर्तन पुरं व्हायला इतका वेळ लागतो की नवख्याला ताल चालू आहे हेच कळत नाही. तिथेही कुणी 'अडकलंय का' विचारू शकेल. षड्जावर नुसतं थांबून राहण्यात जे सुख आहे, ते इथे गुरगुराटाच्या रूपात भेटलं.


सहातारी
शनिवार, दुपारी १:२०

बास वाजवतो, म्हणून दोन शब्द.

@रात्रप्रहर, तुलना छान, पण एका ठिकाणी गाडी घसरते. विलंबितात दोन मात्रांमधली जागा तबलजी भरत असतो. तिरकिट येतं, बारीकसारीक बोल येतात, त्यांच्या आधाराने आपण मात्रा धरून ठेवतो. या अल्बममध्ये ती जागा रिकामी सोडलीय. हात धरायला कुणी नाही.

एक प्रयोग करा. सेकंदकाट्याबरोबर टाळ्या वाजवा. सोपं आहे. आता दर तीन सेकंदांनी एक टाळी, आणि मध्ये मनात आकडे मोजायचे नाहीत. हमखास चुकते. दोन ठोक्यांमधलं अंतर साधारण दोन सेकंदांच्या पुढे गेलं की शरीराला ठेका धरता येत नाही, ठोके सुटे सुटे पडायला लागतात. डूम त्या कुंपणावरच बसलेलं असतं. पाय हलवता येत नाही. मग करणार काय? पुढच्या ठोक्याची वाट बघणार.

आता विझण्याबद्दल. खर्जवेड्याचं निरीक्षण नेमकं आहे आणि त्याला कारण आहे. तार छेडली की तिची आस लगेच उतरायला लागते. डिस्टॉर्शन म्हणजे काय, तर अ‍ॅम्पला पेलणार नाही इतका जोरकस सिग्नल द्यायचा. अ‍ॅम्प त्याचा माथा छाटतो. तार मंदावली तरी सिग्नल बराच वेळ त्या छाटलेल्या उंचीच्या वरच असतो, म्हणून आवाज कमी झाल्यासारखा वाटतच नाही. मग एका क्षणी तो त्या उंचीखाली येतो. खरखर गळून पडते, आतला स्वच्छ स्वर उघडा पडतो आणि मग तोही जातो. द्रुत संगीतात हा क्षण कधी ऐकूच येत नाही, कारण तोवर पुढचे बारा स्वर वाजून गेलेले असतात. हा अल्बम तुम्हाला तो क्षण दर वेळी दाखवतो.

आणखी एक गंमत. सा आणि प एकदम वाजवून डिस्टॉर्शनमधून काढले की दोघांच्या कंपनांतल्या फरकाचा एक तिसरा स्वर तयार होतो. ८२ आणि १२३ हर्ट्झ घ्या, फरक ४१. म्हणजे खालच्या सप्तकातला सा, जो कुणी वाजवलेलाच नाही. 'गिटारमध्ये एवढं वजन कुठून येतं' याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

फोनच्या स्पीकरवर ऐकून मत देणाऱ्यांशी वाद घालायचं मी सोडून दिलंय. सहा तारांच्या बासच्या सगळ्यात खालच्या तारेचा मूळ स्वर ३१ हर्ट्झच्या आसपास, ट्यूनिंग उतरवलं की आणखी खाली. फोनमधून त्यातलं काही बाहेर पडत नाही. वरच्या हार्मोनिक्सवरून (उपस्वरांवरून) मेंदू अंदाज बांधतो आणि तुम्हाला वाटतं ऐकलं.


रात्रप्रहर
शनिवार, दुपारी १:४५

तबल्याचा मुद्दा मान्य. तरीही समेची ओढ तीच, यावर मी ठाम आहे.

अवांतर: सहातारी, तुम्ही 'आस' हा शब्द वापरलात म्हणून बरं वाटलं. हल्ली सगळे सस्टेन म्हणतात.


उतावीळ
शनिवार, दुपारी ३:१५

आता जरा गंभीरपणे. माझा आक्षेप लांबीवर नाहीच. सावकाश बोलणारा माणूस उगाच विचारी वाटतो, तसं तर इथे होत नाही ना? तीन स्वरांचा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) अर्ध्या तासात वाजवला की तो आपोआप 'खोल' होतो. ऐकणारा एवढा वेळ घालवून बसलेला असतो की 'काही नव्हतं त्यात' असं म्हणायची त्याची हिंमत होत नाही.


खर्जवेडा
शनिवार, दुपारी ४:४०

@उतावीळ, हा प्रश्न मी स्वतःला विचारलेला आहे. प्रामाणिक उत्तर: या प्रकारातलं बरंचसं तसंच असतं. मध्यंतरी एक अल्बम ऐकला, नाव घेत नाही. पाऊस हजर, घंटा हजर, कावळे हजर, मुखपृष्ठावर धुकं. पंधरा मिनिटं एकच रिफ, आणि तो रिफ कुठे निघालाय हे बहुधा वाजवणाऱ्यांनाही माहीत नव्हतं.

माझी एक गावठी चाचणी आहे. गाणं दुप्पट वेगाने लावून बघायचं. त्या कावळेवाल्या अल्बमचं दुप्पट वेगाने काहीच बिघडलं नाही, उलट सुधारला. 'मिरर रीपर' लावला तर चाल ओळखू येते, चाल चांगलीही आहे, पण विझण्याला जागाच उरत नाही. घावाला घाव भिडतो. त्या मधल्या जागेत किती काय चाललं होतं, हे ती गेल्यावर कळलं.

आणि यात 'काही घडत नाही' हेही खरं नाही. बदल फार दूरदूर ठेवलेत इतकंच. बराच वेळ गुरगुरणारा आवाज, मग अचानक ऑर्गन. काही मिनिटं ड्रम्सच नाहीत. ते परत येतात तेव्हा मी दर वेळी दचकतो, आणि दर वेळी मला माहीत असतं की ते येणार आहेत.


उतावीळ
शनिवार, संध्याकाळी ६:०२

दुप्पट वेगाने लावला. ४१ मिनिटांत संपला. मला तर असाच आवडला. :)


झांजपथक
शनिवार, संध्याकाळी ६:०५

+१


दुपारची झोप
शनिवार, संध्याकाळी ७:३०

मला स्केप्टिसिझम लावला की वीस मिनिटांत झोप लागते. इतकी गाढ दुसऱ्या कशानेच लागत नाही. ही तक्रार समजावी की कौतुक, ते मंडळींनी ठरवावं.


जुनं खोड
शनिवार, रात्री ८:१५

कौतुकच. ती मंडळी सूट घालून मंचावर येतात, दुःख कसं नीट इस्त्री करून मांडतात. त्यांच्यात बास वाजवणारा कुणी नाही, ती सगळी जागा ऑर्गन भरतो. सहाताऱ्यांना हे रुचणार नाही.

झोपेचंच काढलंत तर 'अर्थ' नावाच्या बँडचा १९९३ चा अल्बम ऐका. (नाव पृथ्वीवरून आहे. देवनागरीत लिहिलं की भलताच अर्थ निघतो.) तीन तुकडे, ७३ मिनिटं, जवळपास सगळा नुसता गिटारचा घोंगाट. डूममधून ताल काढून घेतला की काय उरतं ते तिथे आहे. मला तो अल्बम आदरणीय वाटतो. पुन्हा लावावासा वाटत नाही.


सहातारी
शनिवार, रात्री ८:४०

बासशिवाय चालतं म्हणणाऱ्यांचा निषेध.

जाता जाता, 'संथ म्हणजे सोपं' हा गैरसमज इथे अजून कुणी मांडला नाही, म्हणून आधीच सांगतो. आमच्या बँडने एकदा हौसेने असलं गाणं बसवायला घेतलं. क्लिक (मेट्रोनोम) मिनिटाला २५ ठोक्यांवर लावला. ड्रमरने काठी वर उचलली. काठी हवेत, आम्ही सगळे तिच्याकडे बघतोय, आणि त्याच्या चेहऱ्यावर जिना उतरताना पायरी संपल्यावर होतो तसा भाव. चौथ्या ठोक्याला तो आधी आला, मी नंतर, गायक त्याच्याही नंतर. वेगात असली चूक खपून जाते. इथे ती भर चौकात पडून राहते.

शेवटी त्याने युक्ती काढली. काठी सरळ खाली आणायची नाही, हवेत एक मोठं वर्तुळ काढायचं आणि ते पुरं झालं की घाव. मी त्याचा खांदा बघून वाजवायला लागलो. बोटाखाली तार थरथरत असते, ती थरथर किती उरलीय त्यावरून पुढचा ठोका किती लांब आहे याचा अंदाज यायला लागतो. दोन तासांत दीड मिनिट बसलं. दुसऱ्या दिवशी आम्ही निमूट पंककडे परतलो.


झाकोळ
शनिवार, रात्री ११:२०

सहसा लिहीत नाही, वाचून जाते.

हा अल्बम मला आई गेली त्या वर्षी सापडला. तिचं कपाट आवरायचं काम माझ्याकडे होतं आणि ते मी सात-आठ महिने पुढे ढकललं होतं. मग ठरवलं, एका रात्री एकच कप्पा. सोबतीला हे लावायचं, हे संपलं की कपाट बंद.

दुसरी गाणी लावून बघितली होती. ती फार लवकर सुटायची. तीन मिनिटांत कडवं, ध्रुवपद, आवाज चढला, झालं मोकळं. माझ्या हातात अजून तोच रुमाल असायचा. याच्याबरोबर मात्र माझा आणि गाण्याचा वेग जुळला. उत्तरार्धात एरिक मॉग्रिज हा पाहुणा गायक साध्या आवाजात, अजिबात न गुरगुरता गातो. तिथे मी घड्या घालायची थांबायचे. का, ते माहीत नाही.

गेराचा आवाज त्यात आहे हे नंतर वाचलं आणि दोनेक महिने अल्बम लावलाच नाही. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरलोय असं वाटलं. मग एकदा पुन्हा लावला. आता तो भाग आला की मी नुसती ऐकते. त्याच्या मित्रांनी त्याला आत बसायला जागा करून दिलीय, असं काहीसं.

आणि एक. या अल्बमवर मला कधीच रडू आलं नाही. रडू आलं ते पुढे कधीतरी, एका साबणाच्या जाहिरातीवर.


खर्जवेडा
शनिवार, रात्री ११:४१

झाकोळ, लिहिलंत हे फार बरं केलंत. 'गाण्याचा वेग जुळला' हे मला मित्राला सांगता यायला हवं होतं.


आकडेमोड
रविवार, सकाळी १०:००

यावर एक अभ्यास आठवतो. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या लिआ शारमन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांचा, २०१५ चा. मेटल आणि तत्सम जहाल संगीत ऐकणारे ३९ जण घेतले. आधी त्यांना राग आणणाऱ्या गोष्टी आठवायला लावल्या, मग अर्ध्यांना त्यांच्या आवडीचं संगीत दहा मिनिटं ऐकू दिलं आणि अर्ध्यांना शांत बसवलं. संगीत ऐकणारे जास्त भडकले नाहीत. शांत बसलेल्यांइतकीच त्यांचीही चिडचिड उतरली, आणि वर त्यांना उत्साह वाटला. म्हणजे 'असलं ऐकून डोकं फिरतं' याला तिथे तरी आधार मिळाला नाही.


सहातारी
रविवार, सकाळी १०:२५

अभ्यास रोचक, पण तो रागाबद्दल आहे. इथे विषय वेगळा चाललाय. शिवाय दहा मिनिटांत बेल विचचा धड एक रिफ होत नाही.


नवखा
रविवार, दुपारी १२:३०

धागा एका दमात वाचला. ऐकायची इच्छा झाली, पण ते घशातून गुरगुरणं मला सोसत नाही. सुरुवात कुठून करू?


जुनं खोड
रविवार, दुपारी १२:५०

वॉर्निंग या बँडचा 'वॉचिंग फ्रॉम अ डिस्टन्स', २००६. पाच गाणी, स्वच्छ आवाज. गायक अगदी उघडावाघडा गातो, इतका की दोन गाण्यांनंतर खिडकी उघडावीशी वाटते. तो जमला तर पालबेअररचा २०१२ चा पहिला अल्बम. त्यात चाली जास्त गोड आहेत. गुरगुरण्याला थोडं सरावलात की माय डाइंग ब्राइडचा १९९३ चा 'टर्न लूज द स्वॉन्स', व्हायोलिनसकट.


सहातारी
रविवार, दुपारी १:०५

पालबेअरर सुचवणं म्हणजे पोहायला शिकवताना टबात बसवणं. सरळ आहबचा २००६ चा अल्बम लावा. जर्मन मंडळी, मोबी डिकच्या कथेवर बेतलेला. आवाज गुरगुरता आहे खरा, पण समुद्राखालून आल्यासारखा. दहा मिनिटांनी तो आवाज वाटतच नाही, पाणी वाटतं. ग्रोल हा इथे गायकापेक्षा आणखी एक खर्जातलं वाद्य असतो. शब्द शोधायला गेलात की फसलात.


खर्जवेडा
रविवार, दुपारी २:१०

@नवखा, दोघांचंही ऐकू नका. जे लावाल ते पूर्ण अल्बम लावा, रात्री लावा, आणि हातात फोन नको. बाकी सगळं गौण.


उतावीळ
रविवार, रात्री १२:१५

काल झाकोळ यांचा प्रतिसाद वाचून थट्टा करवेना. म्हणून आज लावला. मूळ वेगात. हेडफोन, दिवे बंद.

नवव्या मिनिटाला फोन बघितला. सतराव्या मिनिटाला फोन बघितला. मग तो दुसऱ्या खोलीत ठेवून आलो, तेवढ्यात दोनच ठोके चुकले.

ज्यांनी मला पाहिलंय त्यांना माहीत आहे की बसलो की माझा उजवा गुडघा सतत हलत असतो. शाळेपासूनची खोड. आज कधीतरी माझ्या लक्षात आलं की तो थांबलाय. कधी थांबला माहीत नाही. लक्षात आल्याबरोबर पुन्हा हलायला लागला, ते सोडा.

बावन्नाव्या मिनिटाला घंटा वाजली. मी म्हटलं, वा, काय जागा घेतलीय. पुन्हा वाजली. मी डोळे मिटून बसलेलो. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा वाटलं, हे जरा जास्तच बेताल होतंय. मग कळलं, दाराची आहे. बहीण किल्ली विसरून गेली होती. पाच मिनिटं बाहेर उभी. त्यानंतरचं संभाषण इथे देत नाही.

आवडलं असं अजून म्हणणार नाही. एकच विचारायचंय: राहिलेलं बावन्नपासून पुढे लावलं तर चालतं का?


सहातारी
रविवार, रात्री १२:२०

नाही.


झांजपथक
रविवार, रात्री १२:२१

नाही. +१


झाकोळ
रविवार, रात्री १२:३०

चालतं हो. मी कित्येकदा अर्ध्यातून लावलंय. का छळताय त्यांना.


खर्जवेडा
रविवार, रात्री १२:३४

अठ्ठेचाळीसच्या आसपास मागे जा. दुसरा भाग तिथून सुरू होतो, मॉग्रिजचा आवाजही त्याच भागात आहे. आणि आधी बहीण घरात आहे का ते बघून घे.